घरचे ताट आणि घरचे आरोग्य

भाकरी, घट्ट वरण किंवा उसळ, ऋतुमानाप्रमाणे मिळणारी पालेभाजी, तोंडी लावण्यास कांदा व शेंगदाण्याची चटणी आणि शेवटी वाटीभर ताक असे ताट महाराष्ट्राच्या ग्रामीण भागास परके नाही. आहारशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर या ताटात शरीरास लागणारे बहुतेक सर्व घटक आढळतात. असे असूनही २०१९-२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील १५ ते ४९ वर्षे वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया आणि ६ महिने ते ५ वर्षे वयाची ६८.९ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त असल्याचे दिसून आले. त्याआधीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या पाहणीत हे प्रमाण अनुक्रमे ४८ आणि ५३.८ टक्के होते. पाच वर्षांखालील दर १०० बालकांपैकी सुमारे ३५ बालकांची उंची वयाच्या मानाने कमी भरली.

हे आकडे पाहिले की एक प्रश्न साहजिकच उभा राहतो. धान्याची टंचाई पूर्वीसारखी राहिलेली नाही, शिधावाटप दुकानांतून धान्य मिळते, अंगणवाडी आणि शाळा यांतून आहार दिला जातो. मग उणीव राहते ती कोठे? या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी घरच्या स्वयंपाकघरात, वाणसामानाच्या यादीत आणि ताटे वाढण्याच्या रीतीत सापडते.

समतोल आहाराचे माप

आपल्या देशात आहारविषयक संशोधनाची परंपरा शंभर वर्षांहून अधिक जुनी आहे. १९१८ साली कुन्नूर येथे लहान प्रमाणावर सुरू झालेले हे कार्य पुढे हैदराबाद येथे नेण्यात आले आणि तेथील संस्था आज राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाते. या संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहारविषयक सुधारित मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. दररोज सुमारे २,००० उष्मांक लागणाऱ्या व्यक्तीच्या आहारात कोणते पदार्थ किती असावेत, याचे प्रमाण त्यांत दिले आहे. ते असे : तृणधान्ये २५० ग्रॅम, डाळी व कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, शेंगदाणे, तीळ यांसारख्या तेलबिया ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम आणि दूध किंवा दही ३०० मिलिलिटर. अंडी, मासे किंवा मांस खाणाऱ्यांनी डाळींच्या प्रमाणातील काही भाग त्यांतून भागविण्यास हरकत नाही.

ग्रॅमचे हे हिशेब घरातील गृहिणीस रोज करता येणार नाहीत. परंतु तेच प्रमाण महिन्याच्या वाणसामानाच्या भाषेत मांडले, तर ते कोणासही समजण्याजोगे आहे. चार प्रौढ माणसांचे कुटुंब धरले, तर महिन्याला सुमारे ३० किलो धान्य, १० किलो डाळी व कडधान्ये, ४ किलोंच्या आसपास शेंगदाणे, तीळ इत्यादी आणि सव्वातीन किलो तेल-तूप असा हा हिशेब होतो. भाजी रोज दीड किलोहून थोडी अधिक आणि दूध-दही सव्वा लिटरच्या जवळपास लागते. मिठाची मर्यादा दर माणशी दररोज ५ ग्रॅम म्हणजे चौघांना महिन्याला ६०० ग्रॅम, तर साखरेची मर्यादा दर माणशी २५ ग्रॅम म्हणजे महिन्याला ३ किलो. यांतील शेवटचे दोन आकडे गरजेचे नसून कमाल मर्यादेचे आहेत, हे ध्यानात ठेवावयास हवे. अंगमेहनत करणाऱ्यांना धान्य अधिक लागेल, लहान मुलांना कमी लागेल; तथापि अंदाज बांधण्यास हे माप पुरेसे आहे.

आता हे माप प्रत्यक्ष घराला लावून पाहावे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ नुसार प्राधान्य गटातील कुटुंबास दर माणशी दरमहा ५ किलो धान्य देय आहे. म्हणजे चार माणसांच्या घरी २० किलो धान्य येते व गरजेचा दोनतृतीयांश भाग तेथेच भागतो. उरलेले धान्य शेतातून किंवा बाजारातून मिळते. धान्याचा प्रश्न अशा रीतीने बहुतांशी सुटतो. मात्र डाळींच्या १० किलोंपैकी घरात किती येतात, रोजच्या दीड किलो भाजीपैकी किती शिजते, हा हिशेब मांडला की खरी उणीव दृष्टीस पडते. पोट भरते, परंतु ते मुख्यतः भात-पोळीने भरते. शरीराची बांधणी करणारी प्रथिने आणि रक्त तयार करणारी खनिजे मागे राहतात. अशा अर्धपोषणाची बाहेरून फारशी चाहूल लागत नाही. मूल हिंडते-फिरते, स्त्री कामे उरकते. परंतु एकाची उंची वाढत नाही आणि दुसरीला जिना चढताना धाप लागते.

धान्याबरोबर डाळ कशासाठी ?

प्रथिने ज्या घटकांची बनलेली असतात त्यांना अमिनो आम्ले म्हणतात. त्यांपैकी काही शरीर स्वतः तयार करू शकत नाही. ती अन्नातूनच मिळवावी लागतात. तांदूळ, गहू, ज्वारी या धान्यांत लायसिन नावाचे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळींत भरपूर असते. उलट डाळींत मेथिओनिन कमी असते, ते धान्यांतून मिळते. त्यामुळे दोन्ही एकत्र खाल्ली की एकाची उणीव दुसरे भरून काढते. तीन भाग धान्य आणि एक भाग डाळ हे प्रमाण यासाठी योग्य मानले जाते. खिचडी, वरणभात, भाकरी-पिठले, पुरणपोळी, धिरडी हे सर्व पदार्थ याच जोडीवर उभे आहेत. वरण मात्र घट्ट असले पाहिजे. माणसे वाढली म्हणून पातेल्यात पाणी वाढविले, तर वाटी भरते पण डाळ तेवढीच राहते.

डाळ महाग वाटते, तेव्हा मटकी, हुलगे, चवळी, हरभरा, वाल यांकडे वळता येते. कडधान्ये रात्रभर भिजवून फडक्यात बांधून मोड आणण्याची आपल्याकडील पद्धत शास्त्रीय कसोटीसही उतरते. मोड येताना त्यांत क जीवनसत्त्व तयार होते, पचन सुलभ होते आणि लोह शोषले जाण्यास अडथळा करणारे फायटेट नावाचे द्रव्य कमी होते.

ज्वारी, बाजरी, नाचणी

भरड धान्यांकडे काही काळ गरिबांचे अन्न म्हणून पाहिले गेले आणि गहू-तांदळाला प्रतिष्ठा आली. पोषणमूल्याचा विचार केला तर हा समज टिकत नाही. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते; तेवढ्याच तांदळात ते १० मिलिग्रॅमच्या आसपास भरते. बाजरीत लोहाचे प्रमाण तांदळाच्या कितीतरी पट आहे. ज्वारीतील तंतुमय भाग पोट साफ ठेवतो आणि रक्तातील साखर एकदम वाढू देत नाही. म्हणूनच भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष म्हणून पाळले. महाराष्ट्रात २०१२ साली प्रसारित झालेला बाजरीचा 'धनशक्ती' हा वाण लोहाचे प्रमाण वाढविण्याच्या हेतूनेच विकसित करण्यात आला.

भाकरी मागे पडण्यास केवळ प्रतिष्ठेची कल्पना कारणीभूत झाली असे नाही. ज्वारी-बाजरीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. गरम पाण्यात पीठ मळून, हातावर थापून भाकरी करण्यास सवय व वेळ लागतो. बाजरीचे पीठ फार दिवस ठेवले तर कडू होते, म्हणून ते आठ-दहा दिवसांपुरतेच दळून आणावे लागते. दिवसभर शेतात राबून आलेल्या स्त्रीला पोळी किंवा भात सोयीचा वाटला, तर त्यात नवल नाही. यावर उपाय म्हणजे रोज तिन्हीत्रिकाळ भाकरीचा आग्रह न धरता दिवसातून एक वेळ तरी भरड धान्य पोटात जाईल असे पाहणे. नाचणीची आंबील, ज्वारीच्या कण्या, बाजरीची खिचडी, थालीपीठ, नाचणीसत्त्व हे पदार्थ त्यासाठी आहेतच. भाकरी थापण्याचे काम घरातील मुलगेही शिकू शकतात, हेही येथे नमूद करावयास हवे.

परसातील आणि रानातील भाजी

पालेभाज्यांतून लोह, कॅल्शियम, फोलिक आम्ल आणि शरीरात अ जीवनसत्त्वात रूपांतर होणारे केरोटीन मिळते. मेथी, पालक, माठ, राजगिरा, अंबाडी, चाकवत, शेपू, करडई यांची नावे सर्वांना ठाऊक आहेत. शेवग्याची शेंग आवडीने खाल्ली जाते; त्याचा पाला मात्र बहुधा गुरांपुढे जातो, वास्तविक पोषणात तो शेंगेहून सरस आहे. पावसाळ्यात टाकळा, फोडशी, करटोली यांसारख्या रानभाज्या विनामूल्य मिळतात. त्या ओळखणाऱ्या वडीलधाऱ्या स्त्रियांचे ज्ञान पुढच्या पिढीला मिळाले पाहिजे. कारण अनोळखी पाला केवळ हिरवा आहे म्हणून खाणे धोक्याचे ठरते.

भाजीतील लोह शरीरास सहजासहजी मिळत नाही. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असेल तर ते अधिक प्रमाणात शोषले जाते. ताटात लिंबाची फोड वाढण्याची आपली प्रथा त्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. आवळा व पेरू ही तर क जीवनसत्त्वाची भांडारेच होत. याउलट चहातील टॅनिन लोहाला अडवून ठेवते. जेवणापूर्वी किंवा जेवणानंतर लगेच चहा घेण्याची सवय सोडून तासाभराचे अंतर ठेवले, तर खर्च न वाढविता त्याच अन्नातून अधिक लोह मिळते. सकाळी लहान मुलांना चहा-बिस्किटावर शाळेत धाडण्याची रीत मात्र सर्वथा टाळण्यासारखी आहे. चहाने भूक मरते आणि बिस्किटातून मुख्यतः मैदा व साखर मिळते. रात्रीची भाकरी दुधात किंवा ताकात कुस्करून दिली, अथवा मूठभर शेंगदाणे व गूळ दिला, तरी तो याहून चांगला नाश्ता होय.

शिजविताना होणारी हानी

चांगले अन्न घरात येऊनही त्यातील सत्त्व स्वयंपाकघरात वाया जाते, असे पुष्कळदा घडते. भाजी चिरून मग धुतली की पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे वाहून जातात. म्हणून ती आधी धुवावी व नंतर चिरावी. तांदूळ चोळून चोळून अनेक पाण्यांनी धुणे आणि भाताची पेज ओतून देणे यांमुळे ब जीवनसत्त्वांचा नाश होतो. डाळ लवकर शिजावी म्हणून सोडा घातल्याने थायमिन नष्ट होते. ती भिजवून ठेवणे हा त्याहून चांगला मार्ग आहे. झाकण ठेवून, बेताच्या पाण्यात शिजविल्याने इंधनही वाचते. तळणीचे तेल वारंवार तापवून वापरणे आरोग्यास अपायकारक आहे.

मिठाच्या बाबतीत विशेष सावधगिरी हवी. पापड, लोणचे, फरसाण आणि पुड्यांतून मिळणारे खारे पदार्थ यांतून नकळत बरेच मीठ पोटात जाते व रक्तदाब वाढण्यास ते कारण होते. वापरावयाचे मीठ आयोडिनयुक्त असावे. पुड्यातील पदार्थ घेताना वेष्टनावरील घटकांची यादी वाचण्याची सवय शाळेतच लावता येईल. उपवासाच्या दिवशी केवळ साबुदाण्यावर भर न देता राजगिरा, वरी, शेंगदाणे, दूध व फळे घेतली, तर श्रद्धाही जपली जाते आणि पोषणही होते; कारण साबुदाण्यात पिष्टाखेरीज फारसे काही नसते.

शेवटी जेवणारी व्यक्ती

आहाराचा विचार करताना घरात अन्न किती शिजले याबरोबरच ते कोणाच्या वाट्यास किती आले, हेही पाहावे लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषास दररोज १९ मिलिग्रॅम लोह लागते, तर प्रौढ स्त्रीला २९ मिलिग्रॅम. मासिक पाळीत होणारा रक्तस्राव हे त्याचे कारण. म्हणजे लोहाची गरज ज्या व्यक्तीस दीडपट आहे, तीच अनेक घरांत सर्वांत शेवटी जेवते. तोपर्यंत भाजी संपलेली असते, वरणाचे पाणी उरलेले असते आणि तिचे जेवण भाकरी-चटणीवर होते. ही गोष्ट ती कोणास सांगत नाही आणि घरातील इतरांच्या ती लक्षातही येत नाही. अन्नटंचाई नसलेल्या घरातही रक्तक्षय का आढळतो, याचे एक उत्तर येथे आहे.

गर्भवती स्त्रीला नेहमीपेक्षा सुमारे ३५० आणि बाळाला अंगावर पाजणाऱ्या मातेस पहिल्या सहा महिन्यांत सुमारे ६०० उष्मांक अधिक लागतात. एक भाकरी आणि वाटीभर घट्ट वरण जादा मिळाले, तर गर्भवतीची ही वाढीव गरज बरीचशी भागते. गर्भ मोठा होऊन बाळंतपण अवघड जाईल या भीतीने गर्भवतीला कमी जेवू घालण्याचा समज काही ठिकाणी अद्याप आहे. तो निराधार असून त्याचा परिणाम कमी वजनाचे बाळ जन्मण्यात होतो. बाळंतिणीला अळीव व डिंकाचे लाडू देण्याची प्रथा मात्र स्वागतार्ह आहे. तेवढीच काळजी बाळंतपणाच्या आधीही घेतली गेली पाहिजे.

गर्भधारणेपासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंतचे सुमारे १,००० दिवस त्याच्या आयुष्याचा पाया घालतात. जन्मानंतर तासाभरात स्तनपान, सहा महिन्यांपर्यंत केवळ आईचे दूध आणि त्यानंतर स्तनपानाबरोबरच मऊ, घट्टसर वरचे अन्न हा क्रम पाळला पाहिजे. भाताची पेज किंवा डाळीचे वरचे पाणी बाळाचे पोट भरते, त्याची वाढ करीत नाही. डाळ-तांदळाची मऊ खिचडी, त्यात थोडे तूप किंवा तेल, कुस्करलेले केळे, नाचणीची खीर, अंडे असे पदार्थ दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे द्यावेत.

शासकीय योजना आणि गावाची जबाबदारी

या कार्यास शासनाच्या योजनांचे पाठबळ आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनिशी सुरू झालेली एकात्मिक बाल विकास सेवा योजना आज अंगणवाडीच्या रूपाने गावोगाव पोहोचली आहे. बालकांच्या कुपोषणाचा प्रश्न स्वतंत्रपणे हाताळण्यासाठी राज्याने २००५ साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण अभियान सुरू केले. आदिवासी भागातील गर्भवती व स्तनदा मातांसाठी २०१५ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आली. तीत मातेला अंगणवाडीत एक वेळचे संपूर्ण, ताजे जेवण देण्याची तरतूद करण्यात आली. ताटावर बसून जेवलेले अन्न तिच्याच पोटात जाते. घरी नेलेला शिधा सर्वांत वाटला जातो, हा अनुभव या रचनेमागे दिसतो.

शाळेतील पोषण आहारात प्राथमिक वर्गांच्या विद्यार्थ्यास ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, तर उच्च प्राथमिक वर्गांच्या विद्यार्थ्यास ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत असे प्रमाण ठरलेले आहे. त्यासाठी डाळ अनुक्रमे २० व ३० ग्रॅम आणि भाजी ५० व ७५ ग्रॅम धरली आहे. खिचडीत ही डाळ व भाजी खरोखर पडते किंवा नाही, हे पाहण्यास शाळा व्यवस्थापन समितीला तराजू आणि पटावरील हजेरी एवढीच साधने पुरतात. शाळेच्या आवारात शेवगा, कढीपत्ता, पपई लावून व सांडपाण्यावर परसबाग फुलवून आहारात भर घालता येते. 'उमेद' अभियानातील बचत गटांच्या स्त्रियांनी घरोघरी परसबागा लावून याचा पाठ घालून दिला आहे.

आहाराला औषधोपचाराची जोड लागते, हेही विसरता कामा नये. पोटात जंत असतील तर खाल्लेले अन्न अंगी लागत नाही; म्हणून जंतनाशक दिनी गोळी घेणे, शौचालयाचा वापर करणे आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुणे आवश्यक ठरते. किशोरवयीन मुलामुलींना शाळेतून मिळणारी आठवड्याची लोहगोळी आणि गर्भवतीला मिळणाऱ्या लोहगोळ्या नियमित घेतल्या गेल्या पाहिजेत. गोळीने शौचाला काळसर होते किंवा थोडी मळमळ होते, म्हणून ती टाकून दिली जाते. जेवणानंतर घेतल्यास हा त्रास कमी होतो, एवढे आशा कार्यकर्तीने समजावून सांगितले तरी पुष्कळ काम होते.

ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावयाची असते. अंगणवाडीसाठी वजनकाटा व उंची मोजण्याचे साधन, परसबागेसाठी बियाणे व रोपे, पिण्याच्या स्वच्छ पाण्याची सोय अशा कामांस ती उपयोगी पडू शकेल. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत दरमहा गावातील कमी वजनाच्या बालकांची संख्या वाचून दाखविण्याचा शिरस्ता पाडला, तर रस्ता आणि गटार यांच्याइतकाच हाही विषय गावाचा होईल.

घरापुरते पाहिले तर आरंभ करण्यास फारशा खर्चाची गरज नाही. रोज एक पालेभाजी, दोन्ही वेळा घट्ट डाळ किंवा उसळ, एक वेळ भरड धान्य, ताटात लिंबू किंवा एखादे स्थानिक फळ, मीठ-साखर-तेलाला आवर, चहा आणि जेवण यांत अंतर, एवढ्या सवयी अंगवळणी पडल्या तरी ताट पुष्कळसे समतोल होते. त्याबरोबर सर्वांची ताटे एकाच वेळी वाढून घेण्याची पद्धत घरोघरी रूढ झाली पाहिजे. भाजीचे पातेले मधोमध ठेवून आजी, सून, मुलगी आणि पुरुषमंडळी एकत्र जेवावयास बसली की वाटणी आपोआप सारखी होते. शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायत सदस्य यांनी ही पद्धत प्रथम आपल्या घरी सुरू केली, तर गावाला ती सांगण्याचा त्यांचा अधिकार वाढेल आणि राज्यातील पुढील पाहणीचे आकडे बदलण्यास त्याचा हातभार लागेल.